लाल की पांढरी: दत्ताकाकांची गाडीखरेदी

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे साधारण खरा आहे. दोन ठिकाणी मी थोडं वाढवलंय, पण कुठं ते आता मलाच आठवत नाही, म्हणून तेही खरंच धरा.

माणूस मोबाइल घेतो तेव्हा किस्से होत नाहीत. जातो, घेतो, येतो. गाडीचं तसं नाही. गाडी बघायला अख्खं घर जातं, आणि घर शोरूममध्ये शिरलं की किस्से आपोआप साठत जातात. आमच्याकडे तर दत्ताकाका होते!

दत्ताकाका म्हणजे माझे सख्खे काका. पंचवीस वर्षं माणगाव-तळा रस्त्यावर सिक्स सीटर रिक्षा चालवली. त्या सहा सीटांत त्यांनी चौदा माणसं आणि एक शिलाई मशीन नेलेलं मी स्वतः बघितलंय. मशीनला खिडकीपण मिळाली होती.

या पंचवीस वर्षांत काकू पुढच्या सीटवर एकदाही बसली नाही. पुढची सीट पॅसेंजरची. घरचं माणूस मागे, कोंबून. मग तिचे गुडघे गेले. बसच्या पायऱ्या चढवेनात, रिक्षात वाकून शिरता येईना. बहीण मुरुडला, आणि दोन वर्षं दोघींची भेट फक्त व्हिडिओ कॉलवर. तोही काकू कपाळावर मोबाइल धरून करते, त्यामुळे बहिणीने दोन वर्षं फक्त हिचं कपाळ बघितलंय.

म्हणून काकांनी ठरवलं, रिक्षा बंद करायची आणि फॅमिली एसयूव्ही घ्यायची. आयुष्यात एकदाच घ्यायची. आणि काकू तिच्यात कुणाचा हात न धरता स्वतः चढली पाहिजे. नाही चढली तर ती पुन्हा उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हे काकांना पक्कं माहीत होतं.

दोन गाड्या नक्की झाल्या. एक लाल, माणगावच्या शोरूममधली. दुसरी पांढरी, अलिबागची. कंपन्यांची नावं सांगत नाही. दोन्हीकडे आम्हाला अजून ओळखतात.

*

माणगावला सुमित नावाचा सेल्समन होता. टाय, चकाचक बूट, तोंडावर हसू.

"किती सीटर?" काकांनी विचारलं.

"फाइव्ह सीटर, सर."

"ते झालं कागदावर. घातले तर?"

"घातले तर म्हणजे, सर?"

काकांनी त्याला मागे बसवलं. मग काउंटरवरच्या दोन मुली. मग अकाउंटंट. मग मला. "तू जरा पुढं हो, तू मागं टेक, पाय तिकडं न्हाय, इकडं." पाच मिनिटांत आम्ही अकरा जण आत होतो, आणि गंमत म्हणजे कुणालाच अडचण होत नव्हती! ही कला आहे. इंजिनियर लोकांना पाच माणसांची जागा दिसते, काकांना मधल्या फटी दिसतात.

तेवढ्यात मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. सगळी टेबलं रिकामी. वॉचमनपण नाही. त्यांनी घाबरून हाक मारली, "अरे, कुणी आहे का?"

लाल गाडीतून वॉचमनचा आवाज आला, "साहेब, तेवढं दार बाहेरून दाबा ना. लागत नाही."

*

दुसऱ्या दिवशी टेस्ट ड्राइव्ह. काका स्टिअरिंगवर, शेजारी सुमित, मागे मी. इंजिन चालू. एसी चालू. गाडी जागची हलेना.

"निघूया, सर?"

"भरली न्हाय अजून."

सुमितला वाटलं पेट्रोलबद्दल बोलतायत. तो म्हणाला, "फुल आहे सर!" काकांनी मागे वळून माझ्या बाजूच्या दोन रिकाम्या सीटा बघितल्या, सुमितकडे बघितलं, आणि काच खाली करून नाक्यावर आवाज दिला, "तळा, तळा, तळा! चला, दोन सीट हायत!"

एक मास्तर आले. एक सुकी मच्छी घेतलेली मावशी आली. टोपली मांडीवर. गाडी भरली, आणि गाडी सुटली.

तळ्याला उतरल्यावर मावशीने पैसे सुमितच्या हातात ठेवले. टाय घातलेला, म्हणजे तोच हिशोबाचा माणूस असणार. काकांनी ते तिला परत दिले. "आज ट्रायल हाय मावशे. पैसं नको. गाडी कशी वाटली तेवढं सांग."

मावशीने टोपली डोक्यावर घेतली, गाडीकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "गाडी बरी हाय रं दत्ता. पन आत वास लय मारतो!"

सुमितने फीडबॅक फॉर्मवर तेच लिहिलं. प्रामाणिक मुलगा.

*

परत येताना एकेरी रस्त्यावर समोरून खडीचा डंपर आला. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला बांध. डंपर काही मागे जाणार नव्हता.

सुमित खूश झाला. "सर, आता बघा! चारी बाजूंनी कॅमेरा! गाडी वरून कशी दिसते तेपण दाखवतो!"

काकांनी रिव्हर्स टाकला. स्क्रीन लागली आणि गाडी पीं पीं पीं करून जी बोंबलायला लागली! काकांनी खिशातला रुमाल काढला, स्क्रीनवर टाकला. "लय घाबरलंय बिचारं." आणि दोन वळणं, एक मोरी, एक बांधलेली म्हैस, सगळं मागे मागे, सरळ गाडी चालवावी त्या वेगात, माझ्याशी गप्पा मारत पार केलं. म्हशीने मान वर केली नाही. डंपरवाल्याने जाताना सलाम ठोकला.

सुमितचं तोंड उघडंच. मग त्याला ड्युटी आठवली. "सर, कॅमेरा कसा वाटला?"

"चांगला हाय की. रुमाल ठेवायला जागा बरी केलीय."

*

आता पांढरी. अलिबागला रुचामॅडम होत्या. ही गाडी बोलणारी. काच उघड म्हटलं की काच उघडते वगैरे.

मी काकांना गंभीरपणे सांगितलं, "काका, हिला अरेतुरे केलेलं चालत नाही. मानाने बोललं तरच काम करते."

काकांना ते पटलं. त्यांनी पंचवीस वर्षं कुठल्या पॅसेंजरला अरेतुरे केलं नव्हतं. रेवदंड्याच्या रस्त्याला लागल्यावर ते समोर बघत म्हणाले, "बाई, जरा गार करता का?"

शेजारी बसलेल्या रुचामॅडमनी लगेच एसी वाढवला.

"बाई, काच थोडी खाली घेता?"

मॅडमनी काच खाली घेतली.

"बाई, गाणं नको आता, डोकं दुखतंय." मॅडमनी गाणं बंद केलं, आणि पर्समधून बामची डबीपण काढून दिली.

घरी येईपर्यंत काका विचारात. शेवटी म्हणाले, "नील्या, गाडी लय हुशार हाय. पन मला एक सांग, गाडी सगळं ऐकतेय तर मग त्या मॅडम कशाला आल्या होत्या सोबत?"

*

काकू शोरूममध्ये यायला तयार नव्हती. "चारचौघांत चढता नाही आलं तर? तुम्हीच बघून या."

घरात एकच जागा अशी आहे, जिथून काकू हात न टेकता उठते. पुढच्या दाराचा ओटा. सकाळी तिथे बसून ती भाजी निवडते. एके दिवशी ती आत गेल्यावर काकांनी ओट्याची उंची सुतळीने मोजली. जमिनीपासून वरपर्यंत, आणि तिथे गाठ मारली. ती सुतळी खिशात घालून आम्ही पुन्हा दोन्हीकडे गेलो. काका गाडीशेजारी उकिडवे बसायचे, सुतळीचं एक टोक फरशीवर, गाठ सीटला.

सुमितने मला हळूच विचारलं, "हे काय करतायत?"

"वास्तू बघतायत," मी म्हणालो. "सीटची."

लाल गाडीची सीट गाठीच्या चार बोटं वर निघाली. पांढरीची बरोबर गाठीवर. काकांनी तीनदा मोजलं.

पुढच्या आठवड्यात माझा एक मित्र त्याच शोरूममध्ये गेला. सुमित त्याला सांगत होता, "सहा एअरबॅग, सनरूफ, आणि सर, सीटची वास्तू चेक झालेली आहे!"

*

काकांची मुलगी सोनलताई खारघरला आयटीत आहे. तिने दोन्ही गाड्यांचं एक्सेल केलं होतं. त्रेचाळीस ओळी. मायलेज, टॉर्क, डिकी, रीसेल, सगळ्याला मार्क. लाल गाडी सरळ सरळ जिंकत होती.

रविवारी ती लॅपटॉप घेऊन बसली. "बाबा, आकडे बघा. लालच घ्यायची. पांढरीत तुम्हाला दिसलं तरी काय?"

काकांनी सुतळी काढून लॅपटॉपवर ठेवली. "ही तुझ्या आईची उंची."

"आईची? एवढीशी?"

"ओट्यावरनं उठते ती."

ताई बराच वेळ ती गाठ बघत बसली. मग तिने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ओळी सिलेक्ट केल्या आणि डिलीट दाबलं.

*

पांढरी गाडी दारात आली. हार, नारळ, लिंबू, सगळं झालं. मग काकू पायरी उतरायला लागली. मी पुढे झालो, तर काकांनी डोळ्यांनीच मला थांबवलं.

काकूने पुढचं दार उघडलं. पाठ सीटकडे केली. टेकली. मग एक पाय आत, मग दुसरा. कुणाचा हात नाही, काही नाही. सीटवर दोनदा हात फिरवला आणि म्हणाली, "अगंबाई! हे तर आपल्या ओट्यासारखंच आहे!"

सोनलताई उगाचच हाराची फुलं नीट करायला लागली.

काका स्टिअरिंगवर बसले. मुरुडला फक्त दोघांनीच जायचं होतं. इंजिन चालू झालं. आणि गाडी हलेना.

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. काका आरशात मागच्या सीटा बघत होते. तीन रिकाम्या. ते रस्त्याच्या एका टोकाला बघायचे, मग दुसऱ्या टोकाला. पाय क्लचवर, पण सुटतच नव्हता. पंचवीस वर्षांत त्यांनी अशी गाडी कधी सोडली नव्हती.

काकूला कळलं. तिने पट्टा ओढून लावला, पदर नीट केला आणि समोर बघत म्हणाली, "स्पेशल आहे. सगळ्या सीटा माझ्या. सोडा आता!"

काकांनी पहिला गियर टाकला. मग डावा हात तिच्यापुढे पसरला.

"स्पेशलचं भाडं आधी लागतं."