सुनंचं काम आन् पोराचं उत्तर

इचारलं एकाला की उत्तर दुसऱ्यानं द्यायचं, ही आमच्या पोराची खोड काय जात न्हाय. आता नमस्कार, मंडळी.

आज सकाळी दारात सर्वेवाली पोरगी आलती. घरात कोण काय काम करतंय ते लिहून घेत हुती. सुनंचं नाव निघालं तसा पोरगा म्हणला, "ती काय करत न्हाय, घरीच असती."

सून तवा शेजारणीच्या रानात तण काढायला, भांगलायला गेलती, पैऱ्यानं. आज हिनं तिच्यात राबायचं, उद्या तिनं आमच्यात. मजुरी न्हाय, म्हणून ह्याच्या लेखी ते कामच न्हाय!

मी म्हणलं, "बाई, थांब. ती आल्यावर तिलाच इचार."

पोरगी म्हणली, "बरं झालं आजी. तुमच्या एका घरावरून कितीतरी घरांचा अंदाज बांधतात."

म्हंजे ह्यानं एका वाक्यात कुठकुठल्या बायांना रिकामटेकडं केलं असतं!

सून आल्यावर पोरीनं इचारलं, "पगारी काम मिळालं तर जाल?"

"उद्याच जाईन की. म्हशी ह्यांनी बघायच्या."

पोरगं माझ्याकडं बघाय लागलं. म्हशी माझ्याच गळ्यात येणार, हे मी तवाच वळखलं.

तरी उत्तर तिचंच लिवलं गेलं. तुमच्यात काय लिवलं असतं? बायांनीच सांगायचं. दादल्यांनी नुसतं वाचायचं.