बाईंचं उलटं बोलणं

"ती बराबर बोलून राह्यली. आपल्याला कळंना, त्याला ती काय करील?" आमच्या बालवाडीच्या बाई हे इतकं ठासून म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला आपलेच कान तपासून घ्यावेसे वाटत.

मी गावच्या शाळेत गुरुजी, आणि माझी मुलगी नंदा तेव्हा तीन वर्षांची. हाक मारली तर बघायची नाही, तासन्‌तास ताटली गरगर फिरवत बसायची. आपण काही बोललो की शेवटचे शब्द तसेच्या तसे परत. "पाणी पाहिजे का?" म्हटलं, की "पाहिजे का." डॉक्टरांनी कान चांगले आहेत एवढंच सांगितलं. यालाही काही नाव असतं, हे पंचाहत्तर सालच्या कुंभार पिंपळगावात कोणाला ठाऊक? माझ्या थोरल्या भावाने तर औरंगाबादला मुक्या मुलांचं वसतिगृह पाहूनही ठेवलं. दिवाळी झाली की न्यायचं.

बाई घरी आल्या आणि नंदाशेजारी जमिनीवर बसून स्वतःही ताटली फिरवू लागल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "गुरुजी, ही जे ऐकती तेच बोलती. मंग आपण इचारायचंच न्हाई. तिनं जे म्हणावं, ते आपणच म्हणायचं."

तुम्ही त्या दिवसांत आमच्या गल्लीत आला असता, तर सगळ्यांना एकदमच वेड लागलंय असं म्हणाला असता. माझी आई नंदाच्या हातात फुलपात्र देताना म्हणायची, "मला पाणी दे." शेजारचे कुंभारकाका मातीचा बैल तिच्यापुढे धरून म्हणायचे, "मला बैल दे." एकदा आईने सवयीने सरपंचांना "मला चहा दे" म्हणत कप दिला, आणि त्या भल्या माणसाने ओशाळून तो परत केला.

आणि दसऱ्याच्या आधी एका दुपारी नंदा माठापाशी उभी राहून म्हणाली, "पाणी दे." कोणी काही विचारलं नव्हतं! मी तांब्या घेऊन धावलो, निम्मं पाणी माझ्याच धोतरावर. त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने तिला पाणी पाजलं. भावाने तर दोनदा पाजलं, आणि वसतिगृहाचं नाव पुन्हा काढलं नाही. मी तसाच ओल्या धोतराने बाईंकडे पळालो.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली वडीगोद्रीला झाली. एसटीची मोटार आली, निरोप झाले. एवढ्यात नंदाने त्यांचा पदर धरला आणि म्हणाली, "बस."

मी हरखून गेलो. म्हटलं, बाई, बस ओळखली तिने.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या घरात मोटारीला बस म्हणतं का कोणी? सगळे मोटारच म्हणता. ती मला बसायला सांगून राह्यली."

खरंच होतं. हा शब्द आमच्यापैकी कोणीच तिच्या तोंडी घातला नव्हता. तो तिचा तिनेच काढला होता.

बाई आपल्या ट्रंकेवर बसल्या. नंदा त्यांना टेकून बसली. कंडक्टरने दोनदा विचारलं, येता का न्हाई. बाईंनी नाही म्हणून मान हलवली, आणि मोटार त्यांना न घेताच गेली.