शाळा सुटल्यावरचा सा

पंक्चरवाल्यानं स्कूटीचं मागचं चाक खोललं, ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, दोन जागी गेलंय. अर्धा तास लागल."

परभणीतली ती गल्ली अरुंद होती आणि बसायला कुठं जागा नव्हती. सावली शोधत मी चार घरं पुढं गेले. तिथं एका खिडकीतून व्हायोलिनचा आवाज येत होता. कोणीतरी एकच सूर लांबवत होतं. आता संपला असं वाटायचं, आणि तो तसाच पुढं जायचा. चाक बसवून झालं, पंक्चरवाल्यानं दोनदा हाक मारली, तरी मी खिडकीखालीच उभी होते. हाक ऐकून आतला आवाज थांबला. दार उघडून सत्तरीतले एक गृहस्थ बाहेर आले.

"कोणाकडं आलात?"

"कोणाकडं नाही. ऐकत होते."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं पाहिलं. "शिकायचंय का?"

तोवर तसं काही माझ्या मनात नव्हतं. तरी मी "हो" म्हणून बसले. वय चव्वेचाळीस, पोखर्णीच्या प्राथमिक शाळेत पहिलीचा वर्ग, घरी बारावीतला मुलगा. गाण्याशी माझा संबंध सकाळच्या प्रार्थनेपुरता.

सर पोस्टातून निवृत्त झालेले. तरुणपणी काही वर्षं हैदराबादला होते, तिथं शिकले. नांदेडहून मी व्हायोलिन आणलं आणि रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसले. व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर, दुसरं टोक छातीशी. गज कसा धरायचा हे शिकण्यात पहिला तास गेला. गजाच्या केसांना राळ घासायची, मग तो तारेवर टेकवायचा आणि ओढायचा. सांगायला इतकं सोपं. मी ओढला, आणि जो आवाज निघाला तो ऐकून सरांच्या स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी डोकावून गेल्या.

"महिनाभर फक्त सा," सर म्हणाले. "मोकळ्या तारेवर. डाव्या हाताचं नावसुद्धा काढायचं नाही."

"महिनाभर?"

"जल्दी आहे का कुठं जायची?"

घरी सराव करणं अवघड होऊन बसलं. मुलगा दार लावून अभ्यासाला बसायचा आणि मी गज लावला की तिसऱ्या मिनिटाला दार उघडायचं. तो दाराशी उभा राहून नुसता बघायचा. आमचे मिस्टर तसे समजूतदार, पण तेही एकदा म्हणाले, "आवाज जरा कमी करायची काही सोय असते का गं त्याला?" मग मी मुख्याध्यापकांना विचारलं आणि शाळा सुटल्यावर तासभर माझ्याच वर्गात बसू लागले. पोरं गेली की गाव शेताकडं असतं. म्हटलं, इथं कोणाला त्रास नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी फाटकाशी मोटारसायकल थांबली. एक गृहस्थ घाईघाईनं व्हरांड्यात आले. पंचावन्नच्या आसपास वय, डोक्याला उपरणं, हातात विळा.

"बाई, काय झालं? कोन रडायलंय आत?"

मी गज उचलून दाखवला. "कोणी नाही हो. हे वाजवायलेय."

त्यांनी विळा दाराबाहेर ठेवला, चपला काढल्या आणि आत येऊन लेकरांच्या बसकरपट्टीवर बसले. "मला वाटलं कुत्र्याचं पिल्लू अडकलंय कुठं. पुन्यांदा वाजवा बरं."

लाजत लाजत मी पुन्हा वाजवलं. त्यांनी डोळे मिटले, मान जरा वाकडी केली आणि म्हणाले, "तार उतरलीय बाई. सा थोडा वर हाय." आणि तोंडानं त्यांनी सा लावला. स्वच्छ, भरलेला, कुठंही न हलणारा. मी खुंटी पिळत पिळत त्यांच्या आवाजापर्यंत गेले. तार जुळली तशी माझ्या मांडीपर्यंत थरथर जाणवली. महिन्याभरात पहिल्यांदा माझं व्हायोलिन वाजलं, म्हणावं तसं वाजलं.

ते गावातल्या भजनी मंडळात पुढं म्हणणारे निघाले. तीन एकर कापूस आणि तूर. त्यांचा पेटीवाला लेकाकडं पुण्याला राहायला गेला होता आणि तेव्हापासून भजन नुसत्या टाळ-पखवाजावर चाललं होतं. मी त्यांना मामा म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी ते परत आले, तिसऱ्या दिवशीही आले. आठवड्यानं हळूच म्हणाले, "बाई, मी बी वडून बघू का?"

त्यांनी गज असा दाबला की तार किंचाळली. कापूस वेचून त्यांची बोटं फाटलेली होती, बोंडांनी ओरखडलेली कातडी तारेला अडकत होती. तरी त्यांचा चेहरा उजळला होता. पुढच्या रविवारी मी त्यांना सरांकडं घेऊन गेले.

सरांनी त्यांचा सा ऐकला, रे ऐकला, आणि आतून व्हायोलिनची एक जुनी पेटी आणली. तिच्यात त्यांचं पहिलं व्हायोलिन होतं. "घेऊन जा," ते मामांना म्हणाले. "नुसतं पडून राहिलं की लाकूड मुकं होतं. पण बोटाला तेल लावून तारेला हात लावायचा नाही. तार खराब होते."

फाटलेल्या बोटांना लावायला खिशात ठेवलेली तेलाची बाटली मामांनी गुपचूप मला दिली.

आम्ही दोघं शिकू लागलो. माझं लिहिणं-वाचणं चांगलं, तेव्हा सरांनी सांगितलेलं सगळं मी वहीत उतरून घ्यायची. मामांना वहीची गरज नव्हती, सगळं कानात राहायचं. डाव्या हाताची बोटं सुरू झाली तशी माझी खरी फजिती झाली. पेटीला पट्ट्या असतात, बोट ठेवलं की सूर तिथं हजर. व्हायोलिनवर तसलं काही नाही. तारांखाली नुसती काळी गुळगुळीत पट्टी. केसभर सरकलं की बेसूर. मी एक युक्ती केली. टिकल्यांच्या पाकिटातल्या चार बारीक लाल टिकल्या त्या पट्टीवर बोटांच्या जागी चिकटवल्या. दोन रविवार निभावले. तिसऱ्या रविवारी सरांनी व्हायोलिन उन्हात धरलं.

"हे काय?"

"खुणा, सर."

त्यांनी नखानं एकेक टिकली काढली आणि माझ्या वहीच्या पानावर ओळीनं चिकटवली. "डोळ्यांनी वाजवायला लागलात तर कान झोपून जातील. चुका. शंभरदा चुका. पण ऐकून चुका."

परतीच्या वाटेवर टिकल्यांचं ते पान माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मामा मोटारसायकल माझ्या स्कूटीबरोबर हळू चालवत म्हणाले, "सर रागावले न्हाईत बाई. रागावले असते तर टिकल्या फेकून देल्या असत्या."

संक्रांतीनंतर सर अंगणात पाय घसरून पडले. उजवा खांदा मोडला. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना आम्ही भेटायला गेलो, तर गळ्यात हात अडकवलेले सर म्हणाले, "चार-पाच महिने मी नाही. तुम्ही एकमेकांना ऐका. आता तुम्हीच एकमेकांचे मास्तर."

कोण कोणाचा मास्तर, तेच कळेना. पण रोज पाच वाजता आम्ही वर्गात बसायचो. आता रोजच दोघं बसतात म्हटल्यावर गावात कुजबूज सुरू झाली असावी, कारण तिसऱ्या दिवशी मामी, म्हणजे मामांच्या पत्नी, सुपात तुरीच्या शेंगा घेऊन आल्या आणि दाराशी बसल्या. "मी बी ऐकते," एवढंच म्हणाल्या. शेंगा सोलता सोलता त्यांचा कान असा तयार झाला की माझं तिसरं बोट खाली पडलं की त्यांच्या हातातली शेंग थांबायची. मी ते बघूनच बोट वर सरकवायची.

फाल्गुनात एके दिवशी मी माझं वाजवणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि घरी एकटी असताना ऐकलं. मला वाटत होतं, थोडंफार जमलंय. जे ऐकलं ते खरखरीत, घाबरलेलं, सुरापासून सतत बोटभर दूर होतं. पाच-सहा महिने रोजचा तास, आणि हे. दुसऱ्या दिवशी मी व्हायोलिन नेलंच नाही.

मामा वाट बघत बसले होते. "कामून बाई, आज हात रिकामे?"

"बंद करते मामा. माझं काही खरं नाही. वय गेलं हे शिकायचं."

त्यांनी फळ्याकडं पाहिलं. फळ्यावर माझ्याच अक्षरात सकाळचा धडा होता. मग म्हणाले, "पहिलीच्या लेकराचा अ वाकडा निघतो, तवा तुमी काय म्हनताव त्याला?"

"म्हणते, पुसून परत काढ."

"वय इचारताव का त्याचं?"

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मामींनी सूप बाजूला सारून आपल्या यजमानांचं व्हायोलिन माझ्या मांडीवर ठेवलं. "वाजवा बाई. शेंगा सोलायच्या राहिल्यात माझ्या."

नृसिंह जयंती अजून लांब होती तेव्हाच मामांनी मंडळात सांगून टाकलं की या खेपेला भजनात व्हायोलिन असेल, दोन असतील. मला विचारलंसुद्धा नाही. भजन दुपारी, देवळाच्या मंडपात. आम्ही दोन महिने तीन चाली घोटल्या. फार काही नाही, ध्रुवपद आलं की त्याच्याबरोबर जायचं आणि मधल्या वेळात सा धरून ठेवायचा. माझा सगळा भरवसा मामांवर होता. ते वाजवतील, मी त्यांच्या मागं मागं जाईन.

सर आदल्याच आठवड्यात परत आले होते. खांदा अजून आखडलेला होता, तरी रिक्षा करून आले आणि मंडपाच्या खांबाला टेकून बसले. त्यांना बघून मी तारा पुन्हा एकदा जुळवून पाहिल्या.

पहिली चाल बरी गेली. दुसरी चाल सुरू झाली आणि चौथ्या ओळीला माझ्या शेजारी फट् असा आवाज झाला. मामांची तार तुटली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, व्हायोलिन हळूच खाली ठेवलं आणि टाळ उचलून गायला लागले. पखवाज थांबला नव्हता. थांबायची सोयच नव्हती. मी एकटी.

पहिल्या ध्रुवपदाला मी चुकले. चांगलीच चुकले, एका बाईनं वळून पाहिलं. मग मी बोटांकडं बघायचं सोडलं. डोळे मिटले आणि मामांचा आवाज तेवढा धरला, वर्गात इतक्या संध्याकाळी ऐकलेला, कुठंही न हलणारा. ते जिथं गेले तिथं बोट गेलं. कधी उशिरा गेलं, कधी जरा खाली राहिलं, पण गेलं. तिसऱ्या वेळी ध्रुवपद आलं तेव्हा त्यांचा आवाज आणि माझी तार एक झाली, आणि तार मांडीत थरथरली. तेवढा वेळ मी भीत नव्हते.

भजन संपल्यावर कोणी वाहवा केली नाही. लोक प्रसादाकडं वळले. एक म्हाताऱ्या बाई माझा हात धरून म्हणाल्या, "लय गोड वाटलं माय. पन आवाज बारीक यायलाय. पुढच्या बारीला जरा जोरात वाजीव."

सर उठून आले. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील.

"तिसरं बोट अजून खाली पडतंय," ते म्हणाले. मग मामांकडं वळले. "तार नवी घालून ठेवा. परवा रविवार आहे. दोघांनी या." आणि जाता जाता माझ्या खांद्यावर त्यांचा दुखरा हात क्षणभर टेकला.

ह्याला आता दोन वर्षं होत आली. मुलगा शिकायला बाहेरगावी आहे. सुट्टीत येतो तेव्हा दार लावून घेत नाही, उलट परवा म्हणाला, "आई, आता ओळखू येतं काय वाजवतेस ते." मामांनी मंडळाच्या चाली माझ्याकडून लिहून घ्यायला सुरुवात केली होती, पण मध्येच त्यांनी वही ओढून घेतली आणि स्वतः सरगम लिहायला शिकले. आता चाळीसेक चाली त्यांच्या अक्षरात आहेत. अक्षर मोठं, रेघ सोडून वर जाणारं.

गेल्या महिन्यात सरांनी आम्हाला भैरव राग सुरू करून दिला. त्यातला कोमल रे मामांना पहिल्याच दिवशी सापडला. मला अजून नीट सापडलेला नाही. कधी फार वर जातो, कधी सरळ सा होऊन बसतो. काल मात्र दोनदा लागला. तिसऱ्यांदा सुटला, पण दोनदा लागला.