चिखलीतला दक्षिण ध्रुव

ध्रुवावरचा बर्फ वितळला की समुद्राचं काय होतं, हे मी आठवीत असताना चिखलीत, शाळेच्या पत्र्याच्या शेडखाली, स्वतः मोजून शिकले. वरिष्ठांच्या अडथळ्यांसकट.

भूगोलाच्या सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की, जग तापत गेलं तर ध्रुव वितळतील. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यांनी तोच प्रयोग घेतला. दोन घमेली. एकात पाण्यावर तरंगणारा बर्फ, हा उत्तर ध्रुव. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढलेला दगड आणि त्यावर बर्फ, हा दक्षिण ध्रुव, कारण तिथे बर्फाखाली जमीन आहे. पाण्याच्या पातळीला रंगाची रेघ. तपासणीचे साहेब ज्या प्रयोगाला पहिला नंबर देतील, तो बुलढाण्याला जिल्हा प्रदर्शनात जाणार होता आणि सोबत नोंदी ठेवणारी मुलगी. ती मी. तोवर मी चिखलीबाहेर फक्त लग्नांना गेले होते.

आदल्या दिवशी छोट्या तुकड्यांवर करून पाहिलं. दक्षिणेचं पाणी रेघेच्या वर गेलं. उत्तरेचं जागचं हललं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सर हरखले. "तरंगणारा बर्फ पाण्यातली आपली जागा आधीच घेऊन बसलेला असतो," ते म्हणाले. हे त्यांनाही तेव्हाच कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं.

पण चित्रकलेच्या सरांचा तक्ता आधीच रंगवून तयार होता. दोन्ही समुद्र चार-चार बोटं वर, लाटांसकट. "रंग वाळलाय. आता समुद्रानंच जमवून घ्यावं." हेडमास्तरांनाही ते पटलं. आमच्याकडे तपासणीच्या आदल्या दिवशी प्रश्न आणि उत्तरं दोन्ही वाटून दिली जात. मला आलेलं उत्तर होतं, "चार बोटं, सर."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला बर्फ ठेवला. स्वागताची यादी हेडमास्तरांनी स्वतः केली होती. हार, नारळ, टेबलक्लॉथ, लिंबाचं सरबत. सरबताचा बर्फ यादीत नव्हता. यादी मी केली असती तर राहिला नसता. अकराला शाळेचे शिपाईमामा आले आणि दक्षिण ध्रुव उचलून निघाले.

"मामा, काऊन नेऊन राह्यले? थो दक्षिण ध्रुव हाय!"

"मंग? साहेबाले गरम सरबत देऊ काय? उत्तर ठेवला न तुले."

तेवढ्यात हेडमास्तरांनी उत्तरेच्या घमेल्यात गुपचूप दोन लोटे पाणी ओतलं. म्हणजे जो समुद्र वाढायला नको तो चार बोटं वाढला आणि जो वाढायला हवा तो कोरडेपणानं रेघेवर बसून राहिला.

साहेब आले. हातात ग्लास, ग्लासात बर्फ. "सांग बाळ, समुद्र किती वाढला?"

हेडमास्तर त्यांच्या मागे उभे राहून मला चार बोटं दाखवत होते. बुलढाणा त्या चार बोटांपलीकडे होतं. पण माझ्यापुढे वही उघडी होती आणि वहीत नसलेलं वाचायची मला सवय नव्हती. मी वाचलं, "उत्तर ध्रुव. वाढ नाही. हेडमास्तरांनी दोन लोटे ओतल्यावर चार बोटं. दक्षिण ध्रुव. अकरा वाजता बर्फ साहेबांच्या सरबतासाठी नेला. वाढ नाही."

साहेबांनी ग्लासाकडे पाहिलं. मग उरलेलं सरबत शांतपणे संपवलं आणि माझ्या वहीत शेरा लिहिला, 'नोंदी सुवाच्य. विद्यार्थिनीस नम्रता शिकवावी.'

बुलढाण्याला सातवीचा ज्वालामुखी गेला. तो अगदी तक्त्याबरहुकूम फुटला होता.

घरी आईनं विचारलं, "काऊन वं, जात नाही तू बुलढाण्याले?"

"साहेब दक्षिण ध्रुव पेले, म्हून."

आईनं चुलीवरचा तवा खाली उतरवला, हात पुसले आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.