गोड्या पाण्याचं वॉशिंग

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला फसवलं. बाहेरच्या कुणी नाही. बाहेरच्याची तेवढी टाप नव्हती.

बाजारात कांदा-बटाटा विकून मी शनिशिंगणापूरच्या रस्त्याला जमिनीचा तुकडा घेतला. माहेरच्या शेताला अगदी लागून. तिथे गाड्या धुण्याचं वॉशिंग सेंटर टाकलं. रॅम्पचं लोखंड भंगारवाल्याशी भांडून आणलं. नगरला प्रेशर पंप घेताना इतक्या वेळा दुकानाची पायरी उतरले, की शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "बाई, न्या. पन परत येऊ नका." कारखान्यावर नोकरीला असलेला माझा नवरा म्हणायचा, ही देवाशीसुद्धा घासाघीस करील.

पण बोअर घेतला आणि पाणी खारं लागलं. खाऱ्या पाण्याने धुतलेली गाडी वाळली की तिच्यावर पांढरे डाग उठतात. काळ्या गाडीवर तर चुना शिंपडल्यासारखे. गोडं पाणी होतं ते बांधापलीकडे, भावाच्या बोअरला.

तो बोअर वडिलांच्या जमिनीत. वडील गेल्यावर त्या जमिनीतला माझा हिस्सा मी भावाच्या नावे सोडला होता. हक्कसोडीवर सही करताना एक शब्द बोलले नाही. बहिणीने हिस्सा मागितला की माहेर तुटतं, असं आमच्याकडे धरून चालतात. मला माहेर हवं होतं.

माझं पाणी खारं लागलं त्या वर्षी भाऊबीजेला मी त्याला ओवाळलं, तर त्याने ताटात त्याच्या बोअरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली टाकली.

"आक्के, यंदा साडी न्हाई. पानी घे."

माझे डोळे भरले. पण सवय कुठे जाते? मी विचारलं, "किती दिवस?"

सगळे हसले. आई मात्र चिडली. "भाऊबीजेच्या ताटात सौदा करतीस व्हय गं? लाज वाटू दे जरा."

मी किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

बांधावरून पाइप ओढला आणि मग धंदा चालला. शनिवारी, अमावास्येला देवाला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागायची. परतीच्या गाड्यांना चिखल, उसाच्या ट्रॉल्यांना तर काय सांगावं. 'गोड्या पाण्याचं वॉशिंग' अशी पाटी मी स्वतः सांगून रंगवून घेतली. भाऊ संध्याकाळी येऊन खुर्चीत बसायचा. कोणत्या गाडीला किती फेस लागतो, कोणतं गिऱ्हाईक कुठलं, सगळं विचारायचा. मला वाटायचं, बहिणीचं कौतुक आहे. मी त्याच्यासाठी चहा सांगायचे आणि सगळं सांगायचे.

एका सकाळी पंप सुरू केला तर नळीतून नुसती हवा. बांध ओलांडून गेले. पेटीला नवं कुलूप. माझी किल्ली त्यात शिरेना.

तशीच भावाच्या घरी गेले. दारात भावजय.

"वन्सं, ते घरात न्हाईत."

"चपला तर हायेत दारात."

"दुसऱ्या घालून गेल्यात."

मी ओरडले ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. आत खाटेचं लाकूड करकरलं. तो आतच होता. बाहेर आला नाही. आई चुलीपुढे बसली होती. तिने माझ्याकडे पाठ केली आणि भाकरी उलटली.

चुलत्यांना मध्ये घातलं. ते त्याच्याशी बोलून आले आणि मलाच समजावू लागले. "पोरी, त्यानं ओवाळणीत किल्ली दिली. बोअर न्हाई दिला."

"मग किल्ली काय दागिना म्हणून दिली का, काका?"

"कुलूप त्याचं हाय. त्यानं बदललं. आता तू हक्कसोड दिल्यावर आमी काय बोलावं?"

पुढच्या दिवाळीच्या आधी त्याचं वॉशिंग सेंटर उभं राहिलं. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, माझ्यासारखाच रॅम्प. पाटीवर तीच अक्षरं: गोड्या पाण्याचं वॉशिंग. शब्दसुद्धा त्याला स्वतःचे सुचले नाहीत.

मी खाऱ्या पाण्यावर रेटून पाहिलं. गाडी ओली असतानाच कोरड्या फडक्याने पुसून घ्यायची, हात दुखेपर्यंत. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने बॉनेटवरून बोट फिरवलं, डाग पाहिला आणि गाडी काढली. ती पुढे जाऊन भावाच्या रॅम्पवर चढली. तो धावत पुढे आला आणि त्याने हसून दार उघडलं. मला पाहिलं असेल. मान वर केली नाही.

गेल्या आठवड्यात बेलापूरचा एक माणूस पंप बघायला आला. त्याने भाव सांगितला. मी म्हटलं, "न्या." तो दचकला. "अहो, जरा तरी वाढवून मागा की!" मला मागावंसं वाटलं नाही. त्याने पंप टेम्पोत चढवला, दोरी बांधली. रॅम्पशेजारी जमिनीवर पंपाच्या पायांचे गोल ठसे तेवढे राहिले.

लोक म्हणतात, कोर्टात जा. पाण्यासाठी नाही जायचं मला. माहेर तुटू नये म्हणून मी हिस्सा सोडला आणि माहेर तरीही गेलं. कोणत्या अपराधासाठी, ते अजून कुणी मला सांगितलेलं नाही. चुलत्यांच्या तोंडून नको, बायकोच्या आडून नको. त्याने माझ्यासमोर उभं राहावं, माझ्या डोळ्यांत बघावं आणि सांगावं. अरे, मी तुझं काय घेतलं होतं? बोल.