देवरावजीच्या वाट्याची गुंडाळी

त्या दिवशी सकाळची पहिली यष्टी गेली आणि आम्ही दोघं रोजच्यासारखे चुलीपाशी बसलो. ताटलीत गूळ भरलेली एक गुंडाळी उरली होती. उरली म्हणजे, ठेवलेली होती. अंजनानं, माझ्या बायकोनं, ती मधून तोडली, मोठा तुकडा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "घ्या, आजही देवरावजीचं आपल्याच नशिबात." हे ती इतकी वर्षं म्हणत आली होती की मी हसलोही नाही. चहात बुडवून खाल्लं. मग तिनं परातीत दुसऱ्या दिवसाचं पीठ मळलं, वर ओलं फडकं टाकलं, हात धुतले. "जराशी पडते वो, पाठ भरून आली," म्हणाली. मी गिलास विसळत होतो. विसळून आत गेलो तेव्हा... तिचा जीव गेलेला होता. ना दवाखाना, ना हाक. दिवस मावळायच्या आत तिला स्मशानात पोचवून आलो.

मेडशीच्या थांब्यावर आमचं चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बल्ल्या, वर टिनाचे पत्रे, दोन बाकडी आणि मागे एक खोली. मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. लोक म्हणतात, लिही, चांगली बाई होती असं लिही. चांगली होती का नव्हती ते बाकीच्यांनी सांगावं. हट्टी होती. तो हट्ट मला लिहून ठेवायचा आहे, कारण तो आता माझ्याकडे आला आहे.

रोडगे सगळ्यांना माहीत आहेत. गव्हाचं पीठ, थरावर थर, गोवरीच्या निखाऱ्यात भाजायचे. तिनं त्याचं वेगळंच केलं. पोळी लाटायची, तिच्यावर तेल फिरवायचं, गूळ पसरायचा, वरून कुटलेली कलमी, म्हणजे शहरातले दालचिनी म्हणतात ती. मग चटईसारखी गुंडाळायची, कापायची आणि पातेल्यात एकीला एक लावून ठेवायची. खाली निखारे, झाकणावर निखारे. कलमी ती पोहरादेवीच्या यात्रेतून आणायची, वर्षाची एकदम. भाजताना वास असा सुटायचा की ड्रायव्हर गाडी बंद करायच्या आधी विचारायचा, "बाई, निघाली काय?"

दुष्काळ सरला आणि मंगरूळपीरच्या बेकरीचा माल यष्टीनं आमच्याकडे यायला लागला. पत्र्याचा डबा, आत कागदात बांधलेले बन. पांढरे, मऊ, दाताला काही कामच नाही. मीच डबा उतरवून घेतला. माणसाला सकाळी घाई असते, बन हातात घेतला की झालं. धंद्याच्या दृष्टीनं मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आजही दिसत नाही.

पण डबा आला आणि आमच्याकडे कधीच काही न खाणारे लोक खायला लागले. आम्ही धम्म घेतलेली माणसं. गावात कोण आमच्या हातचं खातं आणि कोण खात नाही, हे सांगायला पाटी लागत नाही. देवरावजी त्यातलेच. शेत-वावर भरपूर, स्वभावानं वाईट माणूस नाही, बाजाराला जाताना रोज पहिली यष्टी पकडायचे. चहा प्यायचे तो स्वतःच्या गिलासात, गिलास पिशवीत असायचा. गुंडाळीकडे पाहायचेही नाहीत. बन आला त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतः डब्यात हात घालून उचलला आणि उभ्यानंच खाल्ला.

अंजना चुलीवरून म्हणाली, "देवरावजी, बन काय आभाळातून पडला? तोही कोनाच्या हातचाच हाय ना?"

देवरावजी हसले. "त्याले कागद हाय ना बाई."

"मंग मीही उद्यापासून कागद लावते. पेपरचा चालते का कोरा पायजे?"

बाकड्यावरचे दोघे-तिघे खोकल्यासारखं करून हसले. देवरावजीही हसले, पण खाल्लं नाही. त्या दुपारी ती मला म्हणाली, "उद्या डबा उतरवू नोका."

"काहून? गिऱ्हाईक जाईन."

"जाऊ द्या. बेकरीवाल्याच्या हातचं चालते आन् माह्या हातचं चालत नाही, हे मी माह्याच दुकानात पाहू काय रोज?"

मी डबा बंद केला नाही, तिनंही गुंडाळी बंद केली नाही. दोन्ही मांडले. आणि मग तिनं कोणाला वाटलं नसतं ते केलं. मंगरूळपीरला रेशनकार्डाच्या कामाला गेली ती थेट बेकरीत जाऊन बसली. म्हातारे बेकरीवाले, त्यांना सगळे चाचा म्हणत, त्यांना म्हणाली, "तुमचे बन फुगतात, माह्या गुंडाळ्या फुगत नाहीत. काहून?" चाचांनी भांडण केलं नाही. मळलेल्या खमिराचा एक गोळा पळसाच्या पानात बांधून दिला. "बाई, ये जिंदा चीज है. रोज खिलाना पडेगा. एक दिन भूल गई, तो गया." ती तो गोळा मांडीवर धरून परत आली, जसं काही कोणाचं लेकरू सांभाळायला दिलं आहे. तेव्हापासून तो रोजचा नेम. मळलेलं पीठ लाटायच्या आधी त्यातला लिंबाएवढा गोळा तोडायचा, मडक्यात ठेवायचा, त्याला पीठपाणी द्यायचं. त्यावरच पुढचं पीठ फुगायचं. गुंडाळी मऊ झाली, वास तोच राहिला. ड्रायव्हर, कंडक्टर, शेतात निंदायला जाणाऱ्या बाया, शाळेतले मास्तर सगळे खायला लागले. बन उरायचे, गुंडाळ्या संपायच्या.

फक्त एक संपायची नाही. ती रोज एक गुंडाळी ताटलीत बाजूला काढून ठेवायची आणि देवरावजी आले की ताटली पुढे सरकवायची. ते बन घ्यायचे. यष्टी जायची. मग ती गुंडाळी आम्ही दोघं अर्धी अर्धी खायचो, तीच आमची न्याहारी.

एकदा घाटात यष्टी बिघडली, डबा आलाच नाही. देवरावजी सकाळपासून ताटकळत उभे. दोनदा चहा झाला. पोट रिकामं, हे तोंडावर दिसत होतं. तिनं ताटली सरकवली.

"नोको बाई, मले उपास हाय."

"आज कोन्ता देव?"

देवरावजींनी आपला गिलास पिशवीत टाकला.

"सांगा ना, आमीही धरतो!"

सगळं बाकडं हसलं. देवरावजी वळले आणि पायी घराकडे निघाले. मला त्यांची दया आली. मी तिला म्हटलं, "कायले मांगं लागतं त्याच्या? ते एक दुसऱ्याले दे, चार जण मांगून राह्यले." तेव्हा ती जे बोलली ते मी विसरत नाही. "त्यानं खाल्लंच पायजे असं माहं म्हननं नाही. पण 'माह्यासाठी ठेवलं नव्हतं' असं त्याले कधी म्हनता येऊ नये."

 

ती गेली त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं. शेजारच्यांनी चहा आणला, बेकरीचे टोस्ट आणले. चांगल्या मनानं आणले, मी वाईट म्हणत नाही, पण मी ते फळीवर ठेवून दिले. सकाळी अंधारातच उठलो. थंडीचे दिवस. परातीवरचं फडकं वर आलेलं दिसलं. पीठ फुगलं होतं. तिनं मळलेलं पीठ.

मी चुलीत काड्या घातल्या. माझी लेक शकुन मालेगावहून रात्रीच आली होती, ती धावत आली. "बाबा, काय करून राह्यले? आज चूल पेटवत नसतात."

"तुह्या मायनं मळलेलं हाय. फेकू काय?"

"लोक काय म्हनतीन?"

"लोकं कालचे टोस्ट खातीन. तू लाटणं दे."

ती रडत रडत लाटणं घेऊन आली. मी उभ्या जन्मात पोळी लाटली नव्हती. पहिल्यांदा गोळा तोडला, मडक्यात ठेवला. ते विसरलो असतो तर बाकीचं सगळं करून उपयोग नव्हता. मग गूळ, कलमी. कलमी जास्त पडली. गुंडाळ्या वाकड्या कापल्या गेल्या, काही खालून करपल्या. पण वास तोच सुटला. शकुन दारात जाऊन तोंड फिरवून उभी राहिली.

पहिली यष्टी आली. बेकरीचा डबा मी उतरवला नाही. एक गुंडाळी ताटलीत बाजूला काढून ठेवली. देवरावजी आले. आदल्या दिवशी स्मशानात ते लांब उभे होते, मी पाहिलं होतं. त्यांनी चुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"बन नाही आले काय?"

"नाही."

"मंग हे?"

"हे तुमचं हाय. रोजच राह्यते."

देवरावजी चुलीजवळ एक पाऊल आले. कंडक्टरनं घंटी वाजवली. "तिच्या हातचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मळलं तिनं. भाजलं मी."

त्यांनी ताटली उचलली. बाकड्यावर बसले, जिथे ते कधी बसत नसत, आणि सगळी गुंडाळी खाल्ली, करपलेल्या कडेसकट. "कलमी जास्त झाली," एवढंच म्हणाले. चहा मात्र पिशवीतून आपला गिलास काढून त्यातच घेतला. मग तोंड पुसलं आणि थांबलेल्या गाडीत चढले.

यष्टी गेली. मी दोन गिलास चहा गाळला, मग एक परत पातेल्यात ओतला. चुलीपाशी बसलो आणि सवयीनं ताटलीकडे हात नेला. ताटली रिकामी होती... तुकडासुद्धा नाही.

नुसता चहा प्यालो. ताटली धुतली, फळीवर ठेवली. मग मडक्यावरचं फडकं काढलं आणि गोळ्याला पीठ घातलं.