बनाबाईचं कीप

लोणारला विवराकडं जाणाऱ्या रस्त्यावर बनाबाईची चहाची टपरी आहे आणि टपरीच्या मागंच तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा जानराव एसटीत कंडक्टर होता, आता घरीच असतो. मुलगा चंद्रशेखर संभाजीनगरला कंपनीत, सून धम्मशीला गावातल्या शाळेवर शिकवते. चारचौघांसारखं घर. फक्त पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक नारिंगी रबरी होडी होती. हवा भरलेली, टणक. आणि ती तिथं तीन वर्षं होती.

ती आली ती कुरियन साहेबांमुळं. हे साहेब केरळातून विवरातल्या तळ्याच्या पाण्याचा अभ्यास करायला आले आणि महिनाभर बनाबाईच्या हातचा चहा प्यायले. मोठ्या हौसेनं त्यांनी बनाबाईच्या अंगणात होडी फुगवून ठेवली होती, पण तळ्यात उतरवायची परवानगी काही मिळाली नाही. शेवटी काठाकाठानं बाटल्या भरून त्यांनी काम उरकलं. निघायच्या दिवशी जीप बाटल्या, दगड, खोकी यांनी अशी खच्चून भरली की होडीला जागाच उरेना. साहेबांनी बनाबाईपुढं हात जोडले. "अम्मा, यू कीप इट. कीप!" म्हणाले, आणि जीप धुरळा उडवत निघून गेली.

बनाबाई होडीकडं बघत उभी राहिली. संध्याकाळी धम्मशीला शाळेतून आली तसं तिनं विचारलं, "कीप म्हंजे काय गं?"

"कीप म्हणजे ठेवणे. कीप, केप्ट, केप्ट."

"हे दोनदा केप्ट काऊन?"

"तसंच असते, आई. साहेब म्हणाले, ठेवून घ्या. तुमालेच देऊन गेले ते."

"ठेवून घ्या म्हणाले का नुसतं ठेवा म्हणाले?"

धम्मशीला जरा घोटाळली. "कीपचे दोनी अर्थ होतात. ठेवून घ्या असंबी होते आन् सांभाळून ठेवा असंबी होते."

"मंग ज्याच्यात मले कोणी चोर म्हणणार नाही तो अर्थ मी घेते," बनाबाई म्हणाली, आणि तिथंच गोष्टीचा निकाल लागला.

बाहेर ऊन, कुत्री, पोरं. म्हणून होडी घरात घेतली. तिच्यासाठी जानरावाची खाट अंगणात गेली. हवा काढून घडी घालून माळ्यावर टाकू, असं जानराव म्हणाला, तर बनाबाईनं डोळे मोठे केले. "फुगवलेली देली हाये. जशी देली तशी ठेवा लागते." त्या दिवसापासून सकाळचा चहा ठेवायच्या आधी ती होडीसोबत आलेला पायानं दाबायचा पंप घेऊन होडीत हवा भरायची आणि कोपरानं दाबून बघायची. रबर चिकटू नये म्हणून पावडर लावायची. घरातली मांजर शेजारी विमलबाईकडं पाठवून दिली, कारण तिला नखं होती. आल्यागेल्या बायकांना दारातच पिना काढून ठेवायला लावायची. एकदा चंद्रशेखरच्या ऑफिसातले साहेब घरी आले, तर त्यांना शर्टाच्या खिशातला पेन बाहेर ठेवून, भिंतीला पाठ लावून, आडवं चालत आत यावं लागलं. ते बिचारे चहा पिईपर्यंत होडीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "इथं पूर येतो का?"

जानरावाला होडीत दुपारी आडवं व्हायची फार इच्छा. "गादीसारखी हाये, पाह्य ना."

"लोकाच्या वस्तूत झोपता? तिकिटाच्या पेटीवर कदी झोपले का तुमी?"

जानराव अंगणातल्या खाटेवर जाऊन पडायचा. नोकरीचा विषय निघाला की त्याचं काही चालत नसे.

कुरियन साहेबांचा फोन नंबर बनाबाईजवळ होता. आठवड्यातून एकदा ती लावायची. पलीकडून एक बाई त्यांच्या भाषेत काहीतरी गोड आवाजात बोलायची. बनाबाईही बोलायची. "साहेबाले सांगजा बाई, होडी बरी हाये. काल थोडी ढिली वाटली, पन मी भरली. तुमच्या घरचे बरे हायेत ना?" ती बाई ऐकून न घेता तेच तेच म्हणायची. बनाबाईला वाटायचं, मोठ्या घरची असंल, कामात असंल.

होडीची गोष्ट गावभर झाली तसे लोक हसले. पण हसता हसता त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली, की या बाईच्या हाती गेलेली वस्तू वापरली जात नाही, हरवत नाही आणि कुणाच्या बापाला मिळत नाही. पहिला आला तो माणिकराव. त्याची शेती गावाला लागूनच होती आणि तोंडात तंबाखू सदानकदा. त्यानं तंबाखूची चंची बनाबाईपुढं ठेवली. "वहिनी, हे कीप करा. मी मांगतली तरी देऊ नका."

"तुमी मांगतली तरी?"

"मी पाया पडलो तरी."

दुसऱ्याच दिवशी सकाळी तो पाया पडायला आला. बनाबाईनं पाय मागं घेतले. "कीप म्हंजे कीप, भाऊजी." तो बराच वेळ टपरीसमोर उभा राहिला, चिडला, तिच्या चहाला नावं ठेवली आणि बाजारात जाऊन नवी चंची घेऊन आला. आठवडाभरानं पस्तावून तीही तिच्याकडं कीप केली. असं करत करत बनाबाईच्या फळीवर माणिकरावाच्या चंच्यांची रांग लागली.

मग विमलबाई नातवाची परीक्षा होईपर्यंत टीव्हीचा रिमोट देऊन गेली. एका कीर्तनकारानं मधुमेह निघाल्यावर पेढ्यांचा डबा दिला, आणि पेढ्यांना बुरशी आली तरी बनाबाईनं तो टाकला नाही. 'कीपणं' हा शब्द गावात रुळला. "दागिने कुठं हायेत?" "बनाबाईपाशी कीपले."

कहर केला तो पंचफुला आणि तिच्या नवऱ्यानं. पोळा दोन दिवसांवर आला होता आणि दोघांचं कडाक्याचं भांडण चालू होतं. सणाला पाहुणे येणार, तेव्हा काय करावं? दोघं तणतणत टपरीवर आली. "मावशी, आमचं भांडण कीप करा. पोळा झाला की घेऊन जातो."

बनाबाई जराही हसली नाही. तिनं दोघांना बाकावर बसवलं आणि कोण काय बोललं ते शब्दाला शब्द सांगायला लावलं. मान हलवली. "ठेवलं. जा."

पोळा झाला. गणपती झाले. दोघं फिरकली नाहीत. शेवटी बनाबाईच त्यांच्या घरी गेली. "तुमचं भांडण न्या, बाई. होडीनं आधीच घर भरलं माह्यं."

पंचफुला खळखळून हसली. "कायचं होतं वं मावशी? आमाले तर आठवतबी नाई."

"मले आठवते," बनाबाई म्हणाली, आणि उभ्या उभ्या तिनं ते सगळं जसंच्या तसं परत केलं. नवऱ्यानं पंचफुलाच्या माहेरच्या लोकांना जे म्हटलं होतं ते, आणि पंचफुलानं त्याच्या अकलेबद्दल जे म्हटलं होतं तेही. ती रस्त्याला लागायच्या आत घरातून ताटल्या आपटल्याचा आवाज आला. बनाबाईला मात्र हलकं वाटलं. ज्याची वस्तू त्याला पोचली.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात पाण्याचे हाल झाले. टँकर यायचा तो गल्लीच्या तोंडाशी, आणि ज्याच्याकडं भांडं मोठं त्यालाच पाणी. अख्खी गल्ली बनाबाईच्या दारात जमली. एवढी मोठी होडी, अंगणात ठेवा, टँकरवाला एकदम भरून जाईल, सगळ्यांना पुरंल. बनाबाई दारात आडवी उभी राहिली. "माही असती तर आताच देली असती."

त्या दिवशी जानरावाचा संयम सुटला. तो आत गेला, होडीत चढला, दोन्ही वल्ही हातात घेतली आणि मांडी घालून बसला. "गल्लीले होडी देत नाई तवर मी उतरत नाई!"

"उतरा, चंदूचे बाबा. तुमच्या चड्डीच्या नाडीले सेफ्टी पिन हाये."

"हाये! लागली तर लागली!"

नवरा-बायकोचं हे चाललेलं असताना बाहेर टॅक्सी थांबली. कुरियन साहेब उतरले, सोबत त्यांची बायको. बायकोला विवर दाखवायला आणलं होतं, आणि आधी अम्माचा चहा पाजू म्हणून थांबले होते. लोकांनी वाट करून दिली. साहेबांनी आत डोकावलं, तर चकचकीत नारिंगी होडी आणि तिच्यात वल्ही धरून बसलेला लालबुंद जानराव. साहेब जागच्या जागी उंबऱ्यावर बसले.

"संभाळली तुमची होडी," बनाबाई म्हणाली. "पाहून घ्या, एक ओरखडा नाई."

धम्मशीलानं इंग्रजीत सांगितलं. साहेब काहीतरी बोलले, पुन्हा बोलले, कपाळाला हात लावला. धम्मशीला सासूकडं न बघता म्हणाली, "आई, ते म्हणतात, तुमालेच देली होती. कायमची."

दारातले लोक माना उंचावून पुढं सरकले. बनाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. पंप दाबत गेलेल्या तीन वर्षांच्या सकाळी तिच्या पोटऱ्यांत भरून आल्या. "मंग तवाच साफ सांगाले काय झालं होतं? इंग्रजीत देण्याले शब्द नाई का?"

"आहे. गिव्ह," धम्मशीला पुटपुटली.

"मंग गिव्ह म्हणाचं! साहेब माणसं, एवढं शिकली, आन् एक शब्द धड वापरता येत नाई? आन् मी दर आठवड्याले निरोप देऊन राह्यली, तुमच्या घरची ते गोड आवाजाची बाई सांगत नव्हती का तुमाले?"

हे धम्मशीलानं भाषांतर करून सांगितलं आणि लगेच तिला वाटलं, सांगायला नको होतं. साहेबांच्या बायकोनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. साहेबांनी घाईघाईनं बनाबाईचा फोन मागितला आणि नंबर लावून तो बायकोच्या कानाला लावला. साहेबांचा तो जुना नंबर बंद आहे असं सांगणारी कंपनीची टेप होती ती. बायको आधी हसली, मग तिनं बनाबाईचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. चहा सगळ्यांनी दोन-दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा होडी अंगणात होती. बनाबाईनं स्वतः नळी धरली. दहा-बारा दिवस गल्लीनं तिच्यातून पाणी नेलं, आणि हंड्यांवरून एकही भांडण झालं नाही. मग एका दुपारी माणिकरावाची शिंगाळी बकरी पाणी प्यायला आली आणि तिनं होडीच्या काठाला शिंग मारलं. फुस्स करून काठ बसला, आणि सगळं पाणी अंगणातून गल्लीत धावत सुटलं. बायका हंडे घेऊन पाण्यामागं पळाल्या. माणिकराव तोंड लपवून उभा राहिला. बनाबाई दारातून ओरडत धावत आली, चिखलात घसरली, बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की जानराव घाबरला.

"काऊन हासून राह्यली? फुटली ना होडी!"

"हाव ना," ती डोळे पुसत म्हणाली. "आपलीच फुटली."

मग तिनं हात वर केला आणि जानरावानं तिला ओढून उभं केलं.